सतरा सेंटिमीटरांचा ताम्रपट

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरातील सत्ता बदलते. एरवी नाममात्र का होईना, पण माझ्या हाती असलेला कारभार गृहिणीकडे जातो आणि माळ्यावरच्या प्रत्येक वस्तूला आपल्या जगण्याचे कारण सांगावे लागते. जिला ते सांगता येत नाही तिची रवानगी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. डोंबिवलीतील घरे ती केवढी आणि त्यांचे माळे ते केवढे! तेव्हा या न्यायनिवाड्यात दयामाया नसते, आणि नसावीच.

गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक आरोपी खाली उतरवण्यात आला. शिलाईच्या डब्याहून थोडा मोठा, काळ्या पत्र्याचा संगणक. तो आमच्या दादांचा. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, जन्मभर गिरगावातील एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवता जुळवता केस पिकले, आणि मग खिळेच गेले. तेव्हा वयाच्या पन्नाशीनंतर दादा डी.टी.पी. शिकले आणि घरच्या घरी लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, हौशी कवींचे संग्रह जुळवू लागले. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

“अहो, याचे काय करायचे?” असा प्रश्न आला तेव्हा मी जिन्यात उभ्या असलेल्या भंगारवाल्याकडे पाहिले आणि एकदम मला वडिलांच्या रोजनिशीची आठवण झाली.

वडिलांनी १९६० साली डोंबिवलीत बिऱ्हाड केले. त्या वर्षापासून पुढे कितीतरी वर्षे ते रोजनिशी लिहीत असत. त्या वह्या दादांनी आपल्या संगणकावर अक्षरन् अक्षर उतरवून काढल्या होत्या. त्यानंतर दोन पावसाळ्यांत मूळ वह्यांना वाळवी लागली, आणि आम्ही कपाट उघडले तेव्हा हाती आला तो भुसा. म्हणजे आमच्या घराण्याचे जे काही दप्तर म्हणावयाचे ते या काळ्या डब्यात होते, आणि डब्याची किंमत किलोच्या भावाने चालली होती. मी शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. वि. का. राजवाडे रद्दीत जाणारी दप्तरे वाचवण्यासाठी गावोगाव कसे हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड कसा बाहेर पडला, हे मुलांना दरसाल रंगवून सांगणारा. आणि माझ्याच दारातून दप्तर निघाले होते! भंगारवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवले.

संध्याकाळी नातवाने डबा टीव्हीला जोडून कळ दाबली. आतला पंखा फिरला, परंतु पडद्यावर काळोख. “आजोबा, प्रोसेसर गेला असणार,” तो म्हणाला. “आणि बदलायचाच तर मोठा टाकू. मग हा आणखी पाच वर्षे चालेल.” प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू एवढे मला ठाऊक होते. मेंदू बदलून माणूस तरुण होणार असेल तर माझीही तक्रार नव्हती. परंतु कोणता मेंदू कोणत्या कवटीत बसतो हे आधी पाहायला हवे. त्यासाठी ती मुख्य पाटी, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, ती कोणत्या कुळातील हे ठरवणे आले. इथे माझ्यातला इतिहासशिक्षक जागा झाला.

डबा उघडला. आत हिरव्या रंगाची चौकोनी पाटी. सुनेच्या टेपने मोजली तर दोन्ही बाजूंनी बरोबर सतरा सेंटिमीटर. तीवर जागोजाग पांढऱ्या, बारीक अक्षरांत काही ना काही कोरलेले. मी भिंग आणले. एखादा ताम्रपट हाती यावा तसे मला झाले. एका कडेला मोठे ठळक अक्षर होते : ई२१०८८२. त्याजवळच ९४व्ही-०. नातवाने पहिला आकडा उतरून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एका दुकानात गेलो. दुकानदाराने आकडा पाहताच मान हलवली. हा इंटेलचा बोर्ड, याला ‘कोअर टू ड्युओ’ चालेल, असे सांगून त्याने वापरलेला एक प्रोसेसर काही शेकड्यांत आमच्या हवाली केला. घरी येऊन पाहतो तो तिसरेच. त्या चपट्या चौकोनाच्या पोटाला ७७५ सोनेरी ठिपके, आणि ते टेकवायला पाटीवर खोबणच नाही!

आमची चूक काय झाली ते समजायला मला आमच्या शेजारच्या अंबरनाथला जावे लागले, अर्थात मनाने. अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलाहार राजाचा एक लेख आहे. त्यातील साल पहिल्या वाचनात शके ७८२ असे लावले गेले. पुढे बारकाईने पाहता तो आकडा ९८२ असल्याचे ठरले, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारे झाले होते. आमचेही तेच झाले. फरक इतकाच की आम्ही आकडा बरोबर वाचला, पण तो कशाचा हे चुकलो. ई२१०८८२ हे या पाटीचे नाव नव्हेच. अमेरिकेत विजेच्या वस्तूंची सुरक्षितता तपासणारी यू.एल. नावाची संस्था आहे, तिच्या दप्तरातील तो इंटेलच्या पाट्यांचा नोंदणीक्रमांक. इंटेलच्या लहानमोठ्या कितीतरी निरनिराळ्या पाट्यांवर हाच क्रमांक सापडतो. आणि ९४व्ही-० म्हणजे पाटीचा पत्रा आगीत किती लवकर विझतो याची प्रत. उद्या कोणी आपल्या घरच्या पितळी भांड्यावर दुकानाचा शिक्का पाहून ‘हे भांड्याचे नाव’ म्हणू लागला तर जसे होईल तसे हे. जगभर हजारो माणसे याच क्रमांकापाशी फसली आहेत हे कळल्यावर मला थोडा धीर आला.

खरे नाव कुठे असते? ते बहुधा खोबणींच्या मधल्या मोकळ्या जागेत छापलेले असते. इंटेलच्या पाट्यांवर त्याखेरीज एक पांढरी चिकटपट्टी असते, आणि तीवर ‘एए’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यावरून पाटीची नेमकी आवृत्ती कळते. यंत्र चालू असेल तर काम आणखी सोपे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले की पाटी आपले नाव स्वतःच सांगते. आमचे यंत्र मुके होते, तेव्हा भिंगच खरे. धूळ पुसता पुसता नाव सापडले : डी९४५जीसीएलएफ.

आता या नावाचे कुळ सांगतो. कारण कुळाखेरीज माणूस कळत नाही आणि पाटीही कळत नाही.

वडिलांनी डोंबिवलीत बिऱ्हाड केले त्याच १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक अजस्र गणकयंत्र चालू झाले. भारतातच रचलेले, रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी उभे केलेले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मरणशक्ती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हल्लीच्या मापाने हे दहा किलोबाइट भरतात. दादांच्या डब्यात एक गिगाबाइट स्मृती होती, म्हणजे टिफ्रॅकच्या एक लाख पटींहून अधिक. आणि दादा त्यावर लग्नपत्रिका जुळवीत होते!

पुढची वाट भराभर चालू. १९७१ साली इंटेलने ४००४ हा प्रोसेसर काढला. २,३०० ट्रान्झिस्टर एका चकतीवर. खोलीभर यंत्राचा मेंदू नखावर आला तो तेव्हा. १९८१ साली आय.बी.एम.चा घरगुती संगणक निघाला. त्याची रचना अशी उघडी होती की तैवानपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत सर्वांना तिची नक्कल करता आली. त्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन, दादरला गाडी बदलून, खोकी लगेजच्या डब्यात कोंबून डोंबिवलीला आणणारी तरुण मुले मी १९९० नंतरच्या दशकात डोळ्यांनी पाहिली आहेत. संगणक विकत घेण्यापेक्षा तो ‘जुळवून’ घेणे हाच त्यांचा अभिमान. दादांना तो शब्द फार आवडत असे. “खिळे काय आणि हे काय, शेवटी जुळारीच!” असे ते म्हणावयाचे.

या जुळवाजुळवीच्या काळातच मेंदू बदलण्याची चाल पडली. पाटीवर खोबण, खोबणीला लहानशी दांडी. दांडी उचलली की जुना प्रोसेसर अलगद निघे आणि नवा बसे. घर तेच ठेवून नुसते छप्पर बदलावे तसे. मध्यमवर्गाला याहून गोड काय असणार? परंतु दर तीनचार वर्षांनी खोबणीच बदलू लागल्या. कोणाला ३७० टाचण्या, कोणाला ४७८. २००४ साली तर इंटेलने टाचण्या प्रोसेसरच्या पोटातून काढून पाटीवरच लावल्या. ती ७७५ संपर्कांची खोबण. आम्ही जो प्रोसेसर घेऊन आलो तो या घराण्यातला.

आणि खोबण जुळली म्हणजे लग्न जुळले असेही नाही. इथे पत्रिकाच पाहावी लागते. पहिला गुण खोबणीचा. दुसरा चिपसेटचा, म्हणजे पाटीवरच्या त्या कारभाऱ्याचा, जो मेंदू आणि स्मृती यांच्यामध्ये निरोप पोचवतो; त्याला नव्या मेंदूचा वेग झेपला पाहिजे. तिसरा बायोसचा, म्हणजे यंत्र जागे होताच ते पहिल्याने जे वाचते त्या टिपणाचा. त्या टिपणात नव्या पाहुण्याचे नाव नसेल तर दार उघडत नाही. चौथा विजेचा, नव्या मेंदूला जेवढी आणि ज्या दाबाने वीज हवी तेवढी पाटीवरचे पुरवठादार देऊ शकतील काय? पाचवा उष्णतेचा; निघालेली ऊब त्या डब्यातून बाहेर जाईल काय? एकाच खोबणीच्या दोन पाट्यांपैकी एक नवा प्रोसेसर घेते आणि दुसरी घेत नाही, त्याचे कारण या चार गुणांत असते. पाटी बनवणारी कंपनी कोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी देते. ती यादी आधी पाहावी आणि पैसे मागून द्यावेत. आम्ही उलट केले.

आता आमची सतरा सेंटिमीटरांची पाटी. मोठ्या पाट्यांची ए.टी.एक्स. ही ठेवण १९९५ सालची. साधारण साडेतीस सेंटिमीटर लांब आणि साडेचोवीस रुंद. १९९७ साली तिची साडेचोवीस सेंटिमीटरांची चौरस धाकटी बहीण आली, मायक्रो-ए.टी.एक्स. आणि २००१ साली तैवानच्या व्हिया या कंपनीने सतरा सेंटिमीटरांची मिनी-आय.टी.एक्स. काढली. कमी वीज, कमी आवाज, कमी जागा. डोंबिवलीच्या घरांसाठीच जणू! इंटेलने २००८ साली ॲटम नावाचा चिमुकला प्रोसेसर काढला आणि तो याच मापाच्या पाटीवर बसवून दिला. तीच आमची डी९४५जीसीएलएफ.

इथे खरी मौज आहे. पाटीवर उष्णता शोषणारे धातूचे दोन ठोकळे होते. एक मोठा, पंख्यासकट. दुसरा लहान, पंख्यावाचून. मोठ्याखाली मेंदू असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. नातवाने मोठा ठोकळा काढला तर खालच्या चिपेवर ८२९४५ हे आकडे. तो प्रोसेसर नव्हे, चिपसेट! म्हणजे कारभारी. आणि ज्याला आम्ही किरकोळ समजलो त्या लहान ठोकळ्याखाली ॲटम २३० महाराज विराजमान होते. हिशेब पाहिला तो असा : महाराजांना जास्तीत जास्त ४ वॅट लागतात, कारभाऱ्याला २२ च्या वर. महाराज नव्या, बारीक पद्धतीने घडवलेले; कारभारी जुन्या घडणीचा. मी नातवाला म्हटले, “अरे, यात नवल ते काय? छत्रपती साताऱ्यात आणि धामधूम सगळी पुण्यात, हे आपण शंभर वर्षे पाहिले आहे. पंखा असायचा तो शनिवारवाड्यावरच!”

आणि हे महाराज गादीवर नुसते बसलेले नव्हते. पाटीला कायमचे डाखलेले होते. खोबण नाही, दांडी नाही. काढता येत नाहीत, बदलता येत नाहीत. नातवाचा चेहरा उतरला. परंतु हे दोषाचे नव्हे. ४ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर असलेली ती चिप स्वस्त यंत्रांसाठी घडवली होती. खोबणीचा खर्च आणि उंची वाचवणे हाच त्यामागचा हेतू होता. या पाटीवर वाढवता येण्यासारखे एकच, ते म्हणजे स्मृती. डी.डी.आर.२ ची एकुलती एक खाच, आणि तिची मर्यादा दोन गिगाबाइट.

मग यंत्र मुके का? मेंदूचा प्रश्न मिटला तेव्हा कुठे आम्ही साध्या गोष्टींकडे वळलो. स्मृतीची पट्टी खाचेतून काढली. तिच्या सोनेरी कडेवर काळसर थर. सुनेने मुलीच्या कंपासपेटीतले खोडरबर आणले आणि ती कड हलक्या हाताने घासली. पाटीवरची नाण्याएवढी बॅटरी जुनी झाली होती, ती बदलली. कळ दाबली. पंखा फिरला, आणि पडदा उजळला!

घरात जो आनंद झाला तो सांगत नाही. परंतु आता दुसरा अंक सुरू होतो, आणि माझ्या मते खरा तोच. नातू हुशार, त्याने मधल्या दिवसांत यंत्रातील चकती काढून, तारेने आपल्या लॅपटॉपला जोडून, सगळ्या फायली आधीच उतरवून घेतल्या होत्या. रोजनिशीची फाइलही त्यात होती. परंतु लॅपटॉपवर ती उघडली की इंग्रजी अक्षरे, चिन्हे, कंस आणि स्वल्पविराम यांचा चिवडा. वडिलांचे एक अक्षर म्हणून दिसत नव्हते. ही गोष्ट मी त्या दिवसापर्यंत घरात कोणाला बोललो नव्हतो. वाळवीने वह्या खाल्ल्या आणि यंत्राने नक्कल खाल्ली, असे मनाशी धरून बसलो होतो.

कारण असे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९९१ साली ठरले. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच साली देवनागरीला स्थान मिळाले. परंतु छपाईच्या धंद्यात पुढे कितीतरी वर्षे निराळीच रीत होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट वापरत. कळ दाबायची इंग्रजी अक्षराची, यंत्राने नोंदायचे तेच इंग्रजी अक्षर, आणि डोळ्यांना दिसायचा ‘क’ किंवा वेलांटी. प्रत्येक फाँटची वाटणी वेगळी. फाँट आहे तोवर मराठी. फाँट गेला की चिवडा. जुळाऱ्याच्या खिळ्यांच्या पेटीतले कप्पे कोणीतरी अदलाबदल करून ठेवावेत, आणि कोणत्या कप्प्यात काय हे फक्त त्यालाच ठाऊक असावे, असा हा प्रकार. मोडीचे दुसरे काय झाले? विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली. कागद राहिले, वाचणारे गेले. राजवाड्यांनी वाचवलेल्या दप्तरांसारखीच लक्षावधी कागदांची दप्तरे आजही वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत.

दादांच्या यंत्रावर मात्र तो फाँट जागच्या जागी होता. नातवाने फाइलवर टिचकी मारली. महाराज वयोवृद्ध, त्यांनी चांगली तीनचार मिनिटे घेतली. आणि मग पडद्यावर, शुद्ध मराठीत, वडील बोलू लागले. विहिरीचे पाणी, कंदील, पावसाळ्यात चपला हातात घेऊन गाठायचे स्टेशन. चाळीत वीज आली तो दिवस आणि त्याच पानावर खाली भाजीचा हिशेब. माझ्या जन्माची नोंद दीड ओळीची निघाली, आणि त्यातली अर्धी ओळ सुईणीच्या बिदागीची! सौभाग्यवती मागे उभी राहून वाचत होती. तिला एकदम हसू आले, आणि मग ती हसताहसताच डोळे पुसू लागली. तिने वडिलांना थोडीच वर्षे पाहिले, परंतु त्यांचा काटकसरीपणा तिला पुरता आठवत होता.

फाँटचे नाव कळल्यावर उरलेले काम सोपे झाले. तो याच चकतीवर, फाँटांच्या कप्प्यात पडलेला होता. कुलपाशेजारीच किल्ली टांगलेली, आणि आम्ही दार फोडायला निघालो होतो. नातवाने सबंध रोजनिशी युनिकोडमध्ये उतरवली. जोडाक्षरे कुठे कुठे तुटली. ती मी जुन्या यंत्रावरचा पाठ पाहून एकेक दुरुस्त करीत आहे. पाठभेद लावण्याचे काम म्हातारपणी इतक्या जवळच्या ग्रंथावर करायला मिळेल असे वाटले नव्हते.

वाचकहो, यातून मी काय शिकलो? जुनी वस्तू हाती आली की आधी तिचे नाव नीट वाचावे. तीवरचा सर्वांत ठळक आकडा तिचेच नाव असतो असे नाही. जिथे धामधूम अधिक तिथेच धनी राहतो असेही नाही. मेंदू बदलण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी आधी खोडरबर घेऊन पाहावे. हे संगणकापुरतेच लागू आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आणि लिहिलेले जपताना त्याचा वाचणाराही जपावा. आम्हाला त्या यंत्रात नवा मेंदू घालता आला असता तर आम्ही त्याच उत्साहात सगळेच नवे घातले असते, आणि वडील कायमचे चिवड्यात हरवले असते. दादांचे यंत्र जुने राहिले म्हणून ते आम्हाला वाचता आले.

स्मृतीची पट्टी मात्र बदलली. एकाऐवजी दोन गिगाबाइट. एवढा मान महाराजांना द्यायला हवा होता. यंत्राला आम्ही बाहेरच्या जगाशी जोडत नाही, कारण त्यावरील विंडोज एक्स.पी.ची देखभाल २०१४ सालीच थांबली आहे. ते आता कपाटावर बसते, आणि रविवारी दोन तास माझ्यासाठी जागे होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे वहीपूजन असते. वही कसली, दुधाचा आणि वाण्याचा हिशेब. या खेपेला पाटावर वहीशेजारी तो काळा डबा आधीच ठेवलेला मला दिसला. कोणी ठेवला म्हणून विचारले तर सौभाग्यवती म्हणाली, “दप्तर आहे ना ते तुमचे? मग!” तिने त्यावर हळदकुंकू वाहिले. पंख्याच्या जाळीत अक्षता जाऊ नयेत म्हणून नातू तेवढा हात आडवा धरून उभा होता.

तो बिनखोबणीचा प्रोसेसर अजून माझ्या टेबलावर आहे. रोजनिशीची तपासलेली पाने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवतो.